साठ फूट पाइप

"चष्मा कशाला पुसताय, अकरावे? तुमची ओळ डोळे मिटूनसुद्धा सापडेल की!"

पैलवान असं म्हणाला आणि ऑफिसच्या व्हरांड्यात जमलेले सगळे शेडवाले खोखो हसले. अकरावेही हसले. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसून त्यांनी तो नाकावर बसवला आणि दर महिन्याप्रमाणे भिंतीवरच्या यादीच्या तळाशी बोट टेकवलं. बोट तिथेच थांबलं. वर सरकायचं त्याला एकोणीस वर्षांत कधी कारण पडलं नव्हतं.

ही यादी मी लिहिते. आमच्या कंपनीच्या कोंबड्यांच्या अकरा शेड, त्या सांभाळणारे अकरा शेडवाले, आणि पिल्लं आल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी ज्याच्या कोंबडीचं सरासरी वजन जास्त तो वर, असा सरळ मामला. खरं तर मी भांडाराची बाई. भुसा, चुना, दिवे, बादल्या, झाडू, हातमोजे. जे बाहेर जाईल त्याची सही घ्यायची, जे परत येईल त्याची पावती द्यायची. यादीचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात टाकलं, कारण माझं अक्षर सुवाच्य आहे आणि मी दहा ग्रॅमसाठीही कुणाची भीड ठेवत नाही.

अकराव्यांची शेड चार नंबरची. पण यादीत क्रमांक कायम अकरावा, म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी थट्टेने तसं म्हटलं आणि ते चिकटलं. मध्यंतरी कोंबड्या तपासायला नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना ते आडनावच वाटलं. त्यांनी कागदावर 'श्री. अकरावे' लिहिलं आणि या गृहस्थांनी त्याखाली निमूटपणे सही ठोकली. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांचा कागद कशाला खराब करायचा?"

त्या दिवशी मात्र यादीत तळाच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. ती माझ्या अक्षरातली नव्हती. साहेबांनी लाल शाईने स्वतः लिहिली होती. चार नंबरची शेड पहिल्या तारखेपासून पैलवानाच्या भाच्याकडे जाणार होती आणि सध्याच्या शेडवाल्याने फाटकावर हजर व्हायचं होतं.

अकराव्यांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मागचं हसू हळूहळू बंद पडलं. यादीत पहिला असलेला पैलवान भिंतीकडे बघायला लागला. भाच्यासाठी साहेबांकडे शब्द त्यानेच टाकला होता. पण असा सगळ्यांसमोर लाल शाईने निकाल लागेल, याची त्यालाही कल्पना नसावी.

"बाई," अकरावे माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "फाटक कुठलं? पुढचं की मागचं?"

"मागचं."

"मागच्याला सावली नाही." ते वळता वळता म्हणाले, "बघू. आता जातो. भुसा हलवायचा राहिलाय."

आणि गेले. चिडले असते, चार शब्द सुनावले असते, तर मलाही बरं वाटलं असतं. मला तक्रार करणाऱ्यांची सवय आहे. तक्रार न करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको हातमोजे घ्यायला आली. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. रस्त्यापलीकडे आमचाच प्लांट आहे, तिथे ती कापणीच्या टेबलावर असते. बोलण्यात नवऱ्याच्या बरोबर उलट.

"किती कमी पडलं हो बाई, आमच्यांचं वजन?"

"पैलवानापेक्षा? चारशे दहा ग्रॅम. दहाव्या नंबरापेक्षा एकशे ऐंशी."

"आणि मांस कसं आहे, ते कुठे लिहिता?"

"तो रकाना नाही, वहिनी."

"रकाना नाही!" तिने हातमोजे काउंटरवर आपटले. "रोज अकरा शेडची कोंबडी माझ्या सुरीखालून जाते. तुमच्या त्या पैलवानाची छाती बघितलीय? एवढी मोठी, की बघणाऱ्याला वाटावं काय माल आहे! पण सुरी लावली की लाकूड. वरून पांढऱ्या रेघा. ट्रेमध्ये ठेवली की तासाभरात खाली पाण्याचं तळं. आणि आमच्यांची? सुरी घातली की कळतं, हे मांस आहे. क्रेटचा रंग न बघता सांगते मी, कोणती चार नंबरची."

मी हसले. "नवऱ्याची आहे म्हणून गोड लागत असेल."

"नवरा गोड असता तर आज फाटकावर गेला असता का?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. "बाई, तो माणूस खुर्चीवर बसला की आजारी पडतो. मागे पाय मुरगळला तेव्हा चार दिवस घरात होता, तर शेजारच्यांची मांजर पाळायला लागला. पहाटेपासून कोंबड्यांमागे चालतो, म्हणून टिकलाय. त्याला फाटकावर बसवलंत तर सहा महिन्यांत मी एकटी."

तपासून बघितल्याशिवाय मी कशावरच विश्वास ठेवत नाही, नवऱ्याच्या कौतुकावर तर नाहीच नाही. म्हणून दुपारच्या सुट्टीत मी प्लांटवर गेले. वहिनीला क्रेटकडे पाठ करून उभं केलं आणि वीस कोंबड्या मी स्वतः उचलून एकेक करून तिच्या पुढ्यात ठेवल्या. चार नंबरच्या बारीक असतात म्हणून बाकीच्या शेडच्याही बारक्याच निवडल्या. ती सुरी घालायची आणि म्हणायची, "ही नाही. ही नाही. ही. ही नाही." विसांत पाच चार नंबरच्या होत्या. तिने पाचच्या पाच ओळखल्या आणि सहावीवर बोटसुद्धा ठेवलं नाही.

मी साहेबांना सांगायला गेले. साहेब वाईट माणूस नाहीत, घाईत असलेले माणूस आहेत.

"बाई, गिऱ्हाईक काय विकत घेतं? वजन."

"पण हॉस्पिटलने तीन वेळा माल परत पाठवला, साहेब."

हे मी बोलायला नको होतं. त्यांचं तोंड आंबट झालं. शहरातलं मोठं हॉस्पिटल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. रोज सहाशे रुग्णांचं जेवण. तिथल्या स्वयंपाकघराच्या मुख्य आचारीणबाईंनी तीनदा माल परत केला होता आणि आता निरोप पाठवला होता: सव्वीस तारखेला मी स्वतः येते, माझी भांडी घेऊन येते. पटलं तर ठीक, नाहीतर आपला रामराम.

"सव्वीसला तिला आपले वरचे पाच दाखवायचे," साहेब म्हणाले. "पहिला ते पाचवा नंबर. बघू काय नाव ठेवते ते."

सव्वीस तारखेला आचारीणबाई आल्या. साठीच्या आत-बाहेर, ठेंगणी बाई, केस घट्ट बांधलेले, हाताला जुन्या भाजल्याचे डाग. सोबत पाच पातेली, सगळी एका मापाची, झाकणांसकट. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला आणि एक जाडजूड वही काढली. त्यांची वही बघून मला पहिल्यांदा त्या आवडल्या.

"यात काय लिहिता?" मी विचारलं.

"ताटात परत काय येतं ते." त्यांनी पान उलटून दाखवलं. वॉर्डवार, वारवार आकडे. "रुग्ण तोंडाने तक्रार करत नाही. तो नुसता ताट सरकवतो. तीन महिन्यांत कोंबडी परत यायला लागलीय. अर्धी चावून कडेला ठेवलेली. आमच्याकडे दात नसलेले आहेत, ऑपरेशन झालेले आहेत, आठ-आठ दिवस पोटात काही न गेलेले आहेत. त्यांना चमच्याने तुटेल असं पाहिजे. शिजवून शिजवून मी दमले, तुमच्या कोंबडीला त्याचा पत्ताच नाही."

वरच्या पाच शेडवाल्यांनी आपापली कोंबडी आणली. साफ केलेली, अख्खी. पैलवानाने तर ती दोन्ही हातांवर अशी आणली होती, जणू कुस्तीतली गदा. बाकी शेडवाले दाराशी गर्दी करून उभे. अकरावे नव्हते, ही त्यांची भुसा हलवायची वेळ.

चार पातेली भरली, झाकणं बसली. पाचव्यात पैलवानाची कोंबडी घातली तर तंगड्या बाहेर. आडवी केली, छाती वर आली. उपडी केली, झाकण पाठीवर डुगडुगायला लागलं. पैलवानाने वरून तळव्याने दाबलं. झाकण बसलं, हात काढला, झाकण उठलं.

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दोन तुकडे करू," साहेब म्हणाले.

"करायचे नाहीत," आचारीणबाई म्हणाल्या. "मी अख्खी शिजवते. रस्सा वेगळा जातो, मांस वेगळं. माझ्या पातेल्यात मावत नाही ती माझ्या कामाची नाही. लहान आणा."

"अहो, पण ही पहिल्या नंबरची आहे!"

"पातेल्याला वाचता येत नाही."

साहेब घामाघूम. "कुणीतरी लहान कोंबडी आणा रे पटकन. कुठल्याही शेडची. बाई, लहान कुणाकडे असेल?"

आयुष्यात काही प्रश्न असे येतात की ते ऐकताना कान तृप्त होतात.

"चार नंबर, साहेब," मी म्हणाले. "एकोणीस वर्षांची नोंद आहे माझ्याकडे."

माझं वाक्य संपायच्या आत वहिनी कापणीच्या टेबलावरून निघालीसुद्धा. कोंबडी आणली, पातेल्यात ठेवली. झाकण टक्कन बसलं. आचारीणबाईंनी पाचही पातेल्यांत पाणी आणि मीठ घातलं, बाकी काही नाही. घड्याळ लावलं. त्या पाऊण तासात साहेबांनी तीन वेळा फोन काढून तीन वेळा खिशात ठेवला. वहिनी हातमोजे घालत होती, काढत होती.

झाकणं उघडली. आचारीणबाईंनी एकेक कोंबडी ताटात घेतली. आधी त्यांनी छातीला हात लावलाच नाही. पाय बघितले. गुडघ्यामागे, जिथे कोंबडी बसताना टेकते, तिथे पहिल्या चारांना तपकिरी, करपल्यासारखे चट्टे होते. त्यांनी नखाने खरवडून बघितलं.

"या बसून होत्या," त्या म्हणाल्या. "ओल्यात बसून. आमच्याकडे पेशंट पडून राहतो ना, कुशी न बदलता, त्याच्या पाठीला अशाच जखमा होतात. मी वास न घेता ओळखते."

मग त्यांनी छाती आडवी कापली आणि चमच्याची पाठ टेकवून दाबली. पहिलीवर चमचा उसळला. दुसरी दबली, पण तिच्यातून पाणी निथळलं आणि मांस चोथ्यासारखं राहिलं. तिसरी पहिलीची बहीण. चौथी जरा बरी. पाचवीला त्यांनी आधी पाय बघितले. गुडघे स्वच्छ, पिवळे. त्यांनी मान तिरकी करून पुन्हा बघितले. मग चमचा टेकवला. फारसा जोर न लावता तो आत गेला आणि मांस लांब, सरळ धाग्यांनी सुटलं. ताट कोरडं. त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, रश्शाचा एक घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. इतक्या लोकांनी एका बाईला चावताना बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

"ही कुठे असते?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याकडे," वहिनी म्हणाली. तिची मान ताठ होती.

आम्ही सगळे चार नंबरच्या शेडकडे निघालो. पुढे आचारीणबाई, मागे साहेब, मग वहिनी, मी, आणि मागून शेडवाल्यांचा तांडा. अकरावे खोऱ्याने भुसा हलवत होते. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं शेड ताब्यात घ्यायला आलेत. त्यांनी खोरं भिंतीला टेकवलं, हात झटकले आणि म्हणाले, "अजून चार दिवस आहेत ना, साहेब?"

"कोंबडी बघायला आल्या आहेत या," साहेब म्हणाले.

आचारीणबाई दारातल्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत मीही त्या शेडमध्ये एवढा वेळ कधी उभी राहिले नव्हते. मी सामान मोजायला येते, कोंबड्या बघायला नाही. आता बघितलं. बाकीच्या शेडमध्ये कोंबड्या पोत्यांसारख्या बसलेल्या असतात. चोच पुढे केली की खाद्य, मान वळवली की पाणी. इथे वर्दळ होती. खाद्याची भांडी शेडच्या त्या टोकाला, पाणी या टोकाला, आणि मधल्या साठ फुटांत येणारी-जाणारी रांग. मध्येच विटांवर ठेवलेल्या फळ्या, त्यांवर चढणाऱ्या, उतरणाऱ्या, एकमेकींना ढकलणाऱ्या. पायाखालचा भुसा कोरडा खडखडीत.

"पाणी इतकं लांब का ठेवलंय?" आचारीणबाईंनी विचारलं.

अकरावे जरा लाजले. "पाइप पुरला नाही."

मागे हशा पिकला. मला मात्र पाय कुठे ठेवावा कळेना, कारण ती गोष्ट माझी होती.

"पुरला नाही म्हणजे?" साहेबांनी कान टवकारले. "बाकी सगळ्यांकडे शेडभर पाइप आहे. तुम्हाला का नाही?"

अकराव्यांनी खोरं पुन्हा उचललं. माझं नाव घ्यायला हा माणूस तयार नव्हता. पण लपवालपवी मला जमत नाही, निदान नोंद असेल तिथे नाही.

"मी दिला नाही, साहेब," मी म्हणाले. "पहिल्या वर्षी यांनी अर्ज केला, साठ फूट पाइप मिळावा म्हणून. आपल्याकडे नियम आहे, जुना जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही. यांच्या शेडला पाइप कधी लावलाच नव्हता. जमा काय करणार? मी अर्ज परत केला. त्यांनी पुन्हा केला. असे आठ अर्ज."

"आठ!"

"सगळे क्रमवार लावून ठेवलेत."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आचारीणबाई माझ्याकडे बघत होत्या आणि शप्पथ सांगते, त्यांच्या डोळ्यांत थोडं कौतुक होतं. वही ठेवणाऱ्या बाईलाच वही ठेवणारी बाई कळते.

"पण तिसऱ्या वर्षी बाईंनी दिला," अकरावे घाईघाईने म्हणाले. "मला पैलवानाच्या शेडमागे पाइपाचा एक तुकडा सापडला. वीतभर. तो मी जुना म्हणून जमा केला."

"नियमात लांबी लिहिलेली नाही," मी म्हणाले.

"मग तो साठ फूट पाइप कुठे आहे?" आचारीणबाईंनी विचारलं.

अकराव्यांनी वर बोट केलं. दाराच्या चौकटीवर एका मोठ्या खिळ्याला पाइपाचं वेटोळं टांगलेलं होतं. इतक्या वर्षांची धूळ बसून ते भिंतीच्याच रंगाचं झालं होतं.

"आणि लावला नाहीत?"

"लावला होता की! अर्ध्या शेडला. मध्ये जाळी टाकली. इकडच्या अर्ध्या कोंबड्यांना पाणी चोचीशी, तिकडच्या अर्ध्या चालत यायच्या." माणूस एवढं एका दमात बोलताना मी प्रथमच ऐकत होते. "पंधरा दिवसांची पिल्लं होईपर्यंत पाणी जवळच ठेवतो, बाई, लहान जिवाला त्रास नको. पुढे मग फरक दिसायला लागला. चोचीशी पाणी असलेल्या उठेनात. खायच्या, प्यायच्या आणि तिथल्या तिथे बसायच्या. नळ्या ठिबकायच्या, खालचा भुसा ओला, त्यातच छाती टेकून. वजनाला चांगल्या झाल्या. पण बेचाळिसाव्या दिवशी मी शेडमधून चालत गेलो, तर तिकडच्या लगेच बाजूला झाल्या, आणि इकडच्या हलल्याच नाहीत. मी त्यांच्यावर पाय देईन म्हणून मलाच थांबावं लागलं. मला ते बघवलं नाही. पाइप काढला, खिळ्यावर टांगला."

"आणि रात्री दिवे?"

"घालवतो. बाकीचे चालू ठेवतात, कोंबडी रात्रभर खाते, वजन वाढतं. पण पोट भरल्यावर झोपू द्यायला नको का?" मग जरा ओशाळून, "मलाही झोपायचं असतं."

"हे सगळं तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?" साहेब जवळजवळ ओरडलेच.

अकराव्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "कुठे सांगू, साहेब? यादीत वजनाचाच रकाना आहे. पायांचा नाही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी परतवला असता.

आचारीणबाई बादलीवरून उठल्या. "मला हीच पाहिजे."

"रोज सहाशे माणसांना एका शेडची कशी पुरणार?" साहेब म्हणाले.

"मग बाकीच्या दहा शेडचे पाइप काढा." त्यांनी पदर सोडून झटकला. "तीन महिने देते. पातेल्यात मावेल अशी, उठून चालणारी. आणि या गृहस्थांना म्हणे तुम्ही फाटकावर बसवताय?"

हे त्यांना कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. वहिनी त्या वेळी फार मन लावून छताकडे बघत होती.

"छे छे," साहेब म्हणाले. "ते… ते चुकून लिहिलं गेलं."

"लाल शाईत?" पैलवान म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो लालेलाल झाला, मग एकदम पुढे येऊन म्हणाला, "माझा भाचा बसेल फाटकावर. पोरगं तसंही उभ्या उभ्या झोपतं. अकरावे, माझ्या शेडला पाणी किती फुटांवर ठेवू सांगा. साठ की सत्तर?"

"आधी चाळीस," अकरावे म्हणाले. "तुमच्यांना सवय नाही. दम लागेल."

या वेळचा हशा नोंदवून ठेवण्यासारखा होता. त्यात पैलवानाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पुढच्या आठवड्यात माझ्या भांडाराने जे बघितलं ते कधी बघितलं नव्हतं. दहा शेडवाले खांद्यावर पाइपांची वेटोळी घेऊन रांगेत, आणि सगळे जमा करायला आलेले! नवं मागणारा एकही नाही. मी दहा पावत्या फाडल्या. वहिनी मुद्दाम बघायला आली, दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, नियम बदललात की काय? नवा दिल्याशिवाय जुना घेताय!" मी म्हटलं, "तुम्ही हातमोजे घ्या आणि निघा." ती शीळ घालत गेली. त्या बाईला शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं.

सगळं काही लगेच सुरळीत झालं नाही. वजनं उतरली. साहेब दोन आठवडे माझ्याशी असे वागले, जणू कोंबड्यांनी माझ्या सांगण्यावरून जेवण सोडलं होतं. सहा नंबरवाल्याने गुपचूप पाइप परत लावला, तेव्हा अकराव्यांनी जाऊन त्याच्या कोंबड्यांमधून एक फेरी मारली, आणि कोंबड्या हलल्या नाहीत तेव्हा नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पाइप उतरला. आचारीणबाईंची चिठ्ठी दर सोमवारी यायची, त्यांच्या टोकदार अक्षरात, ताटं किती परत आली त्याचा आकडा. एकशे बारा. नव्वद. एकसष्ट. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आली ती सात. खाली लिहिलं होतं, 'त्यातली चार उपवासाची होती. माल चालू ठेवा.' साहेबांनी ती चिठ्ठी काचेखाली ठेवली आहे. अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, आणि पाणी लांब ठेवायची कल्पना आपलीच होती असं सांगायला हल्ली सुरुवात केली आहे. मी दुरुस्त करत नाही. ते आठ अर्ज माझ्या फायलीत आहेत.

त्या महिन्याची यादी मी नव्याने आखली. गुडघ्यांचा रकाना, चमच्याचा रकाना, परत आलेल्या ताटांचा रकाना. वजनही ठेवलं, शेवटी, अरुंद. कागद नेहमीपेक्षा मोठा झाला, म्हणून भिंतीवर जरा वर चिकटवावा लागला.

शेडवाले जमले. सगळ्यांनी आधीच बघितलं होतं. पैलवान चौथा होता आणि तेवढ्याने खुशीत होता. अकरावे सगळ्यांत शेवटी आले, भुशाने माखलेले, खोरं बाहेर ठेवून. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. बोट यादीच्या तळाशी टेकवलं.

तिथे सहा नंबरची शेड होती.

ते थांबले. बोट एक ओळ वर गेलं. मग आणखी एक. त्यांची मान वळून माझ्या खिडकीकडे आली. चेहरा उतरला होता.

"बाई, माझं काढलंत का?"

"वाचत राहा," मी म्हणाले.

बोट वर सरकत राहिलं. सातवी ओळ, सहावी, पाचवी. चौथ्या ओळीशी पैलवान स्वतःच्या नावावरून बाजूला झाल्यासारखा जरा सरकला. तिसरी. दुसरी. मग बोट पुरेना. एकोणीस वर्षं कमरेपाशी वाचणाऱ्या माणसाला एवढ्या उंच बघायची सवय नव्हती. अकराव्यांनी टाचा उचलल्या, भिंतीला दुसरा हात टेकवला आणि बोट कागदाच्या वरच्या कडेला नेऊन ठेवलं.

तसेच उभे राहिले, टाचा उचललेल्या.

मग त्यांचं बोट आडवं सरकत उजवीकडच्या अरुंद रकान्यापर्यंत गेलं. "वजन बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "कमीच आहे." आणि भुसा हलवायला निघून गेले.

पुढच्या महिन्याची यादी मी त्याच कागदाशेजारी लावली. हा काढला नाही. त्याच्या डाव्या कडेला भुशाची एक पिवळट रेघ आहे, तळापासून वरपर्यंत, बोटाच्या जाडीची. मी व्हरांडा झाडून घेते तेव्हा सांगते, तिथे फडकं लावू नका.